कशावरून वाटलं तुला?

गेल्या अंकात शाळेतल्या मुलांना फोटो नीट बघायला शिकवण्याबद्दल मी थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून पाच पत्रं घेतलीत, बाकीच्यांचे बरेचसे प्रश्न यातच येऊन जातात.

नमस्कार ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला मराठी आणि इतिहास शिकवते. तुमचं वाचून मी वर्गात प्रोजेक्टरवर एक जुना फोटो लावला आणि विचारलं काय दिसतंय, तर मुलं म्हणाली छान आहे, जुना आहे, गरीब लोक आहेत, आणि संपलं. पाच मिनिटांत तास गार. चित्रवर्णन यांना येतं, "चित्रात एक झाड आहे, झाडाखाली एक मुलगा आहे" अशा दहा ओळी लिहितात, पण त्याच्यापुढे गाडी जातच नाही. माझं कुठं चुकतंय?
— एक शिक्षिका, संगमनेर तालुका

ताई, चित्रवर्णनाला आधी नावं ठेवू नका. झाड आहे, मुलगा आहे ही यादी म्हणजे निरीक्षणच आहे, फक्त मुलांना वाटतं की दहा ओळी भरल्या म्हणजे काम झालं. तुमच्या वर्गात "गरीब लोक आहेत" असं जो कोणी म्हणाला ना, खरा तास त्याच्यापासून सुरू होणार होता, कारण गरिबी काही फोटोत दिसत नाही, फोटोत दिसतो फाटका सदरा, अनवाणी पाय, कुडाची भिंत, आणि त्यावरून त्या पोराच्या डोक्याने "गरीब" असं ठरवलं. तिथं आपण एवढंच विचारायचं, कशावरून वाटलं तुला?

पण सूर सांभाळा हं. आपल्याकडे "कशावरून?" हे भांडणात जास्त ऐकू येतं, "कशावरून मीच घेतलं?" असं, त्यामुळे नुसतं कशावरून विचारलं की मुलाला वाटतं आपलं चुकलं आणि ते गपकन खाली बसतं. "कशावरून वाटलं, दाखव ना मला" म्हणायचं आणि त्याला उठून पडद्यापाशी जाऊन बोट ठेवू द्यायचं. हे काही माझं डोकं नाही, न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये शिक्षण विभाग बघणारे फिलिप येनवाइन आणि अभ्यासक अ‍ॅबिगेल हाउसन यांनी मिळून ही पद्धत बसवली, तीनच प्रश्नांची आहे. या चित्रात काय चाललंय, तुला असं कशावरून वाटतं, आणि अजून काय सापडतंय. शिक्षकाने माहिती सांगायची नाही, बरोबर-चूक म्हणायचं नाही, मूल जे बोललं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं आणि पुढच्याकडे वळायचं. ऐकायला सोपं वाटतं पण शिक्षकाला गप्प बसणं किती अवघड जातं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. एका मुलाने घरातला आजी-आजोबांचा स्टुडिओतला फोटो आणला होता, लग्नानंतरचा, मागे रंगवलेला पडदा, आजोबा खुर्चीत, आजी बाजूला उभी, डोक्यावरून पदर. मुलं आधी तेच म्हणाली, जुना आहे, ब्लॅक अँड व्हाइट आहे. मग एकीला दिसलं की आजोबांनी डावा हात गुडघ्यावर असा ठेवलाय की मनगटावरचं घड्याळ बरोबर कॅमेऱ्याकडे येतं. मग दुसरा म्हणाला, मॅडम, आजोबांच्या पायात बूट आहेत आणि आजी अनवाणी आहे. लगेच वर्गाचं ठरलं, आजोबा श्रीमंत आणि आजीला चप्पलसुद्धा घेऊन देत नव्हते. मी काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं हे आपल्याला फोटोवरून वाटतंय, खरं काय ते आजीला विचारून ये. दुसऱ्या दिवशी पोरगं धावत आलं. बूट स्टुडिओचे होते, घड्याळपण स्टुडिओचंच, आणि आजीने चप्पल दाराबाहेर काढली होती कारण देवळात जाताना काढतात तशी इथंही काढायची असते असं तिला वाटलं होतं. वर्ग एकदम शांत झाला. फोटोत दिसतं ते खरंच असतं, पण त्यावरून आपण काढलेला अर्थ कच्चा असू शकतो, हे त्या दिवशी मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

तर ताई, पहिल्या फोटोला घाई करू नका. एकच फोटो, अख्खा तास. फोटोचे चार भाग करून एकेक भाग बघायचा, ही युक्ती अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जच्या, म्हणजे सरकारी दफ्तरखान्याच्या, शिक्षकांसाठीच्या कागदांमध्ये आहे, बाकीचे तीन भाग झाकून केलं की ती साठ मुलांच्या वर्गातसुद्धा चालते. झाकलं की डोळे शोधायला लागतात.

तुम्ही इतिहास शिकवता म्हणून दोन फोटो सुचवते. एक आपला, 1934 चा, दादरच्या राजगृहातला बाबासाहेबांचा घरच्यांसोबतचा, त्यात रमाबाई आहेत, मुलगा यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि त्यांचा लाडका कुत्रा टॉबी. मुलांनी बाबासाहेब पाहिलेले असतात ते पुतळ्यातले, हात वर केलेले, हातात पुस्तक, त्यामुळे हा फोटो बघून ती आधी गोंधळतात आणि मग प्रश्न विचारायला लागतात, पहिला प्रश्न हमखास कुत्र्याचा. नंतर सांगा की रमाबाई मे 1935 मध्ये गेल्या, आणि परत तोच फोटो बघू द्या.

दुसरा फोटो अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांनी 1936 च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या निपोमोला काढलेला, स्थलांतरित आई म्हणून जगभर प्रसिद्ध आहे, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे आणि वापरायला फुकट आहे. एक बाई, दोन्ही खांद्यांवर दोन मुलं तोंड फिरवून टेकलेली, मांडीवर तान्हं, बाईची बोटं गालाला. आधी खालची ओळ झाकून दाखवा, मुलांना स्वतः ओळ लिहू द्या, मग सांगा की फोटोसोबत "वाटाण्याच्या शेतावरचे कंगाल मजूर" अशा अर्थाची ओळ छापली जायची आणि बाईंचं नावच नव्हतं, लँग यांनी ते विचारलंही नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळलं ते 1978 मध्ये, आणि त्या बाई म्हणाल्या की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. उजव्या कोपऱ्यात खाली तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता तो नंतर निगेटिव्हवर पुसून टाकला, अजून पुसटसा दिसतो, मुलांना शोधायला लावा. तुमच्याकडची मुलं कोपरगाव-संगमनेरच्या कारखान्यांवर तोडीला येणारी कुटुंबं दरवर्षी बघतात, त्यांना या बाईचं जिणं समजावून सांगावं लागणार नाही.

मॅडम, नववीला "माझी ओळख" असा फोटो प्रोजेक्ट दिला होता. जवळपास सगळ्यांनी सेल्फी आणले, तेही फिल्टर लावून, चेहरे इतके गोरे आणि गुळगुळीत की कोण कुठला ओळखू येईना. एका मुलीने काहीच दिलं नाही, विचारलं तर रडायला लागली. प्रोजेक्ट बंद करू का?
— एक कलाशिक्षक, सोलापूर

सर, बंद अजिबात करू नका, पण आधी त्या मुलीचं बघूया. तिने का दिला नाही याची शंभर कारणं असतील, अंगावर कोड असेल, घरी मोबाइल नसेल, घरात मुलींनी फोटो काढायचे नाहीत असं असेल किंवा नुसतंच तिला आवडत नसेल, आणि ते कारण वर्गासमोर विचारायचं नसतं. तिला एकटीला एवढंच सांगा की ओळख दाखवणं म्हणजे चेहरा दाखवणं नाही. सावली चालेल, हात चालेल, पाठमोरं चालेल, एखादी वस्तू, एखादी जागा चालेल. बघा, बहुतेक ती दोन दिवसांत काहीतरी घेऊन येईल.

हे मी एवढं जीव तोडून का सांगते, कारण फोटोचा आपल्या देशातला इतिहासच असा आहे की कसं दिसायचं ते समोरच्या माणसाला ठरवता आलं नाही. इंग्रजांनी 1868 ते 1875 मध्ये हिंदुस्थानातल्या लोकांवर 8 खंड छापले, चारशेहून जास्त फोटो, आणि माणसं त्यात नमुने म्हणून उभी, खाली नाव बहुतेक नाहीच, जात किंवा जमात आणि तिचा स्वभाव कसा ते इंग्रजाने लिहिलेलं. पुष्पमाला एन. या बंगळुरूच्या कलावतीने क्लेअर अर्नी यांच्यासोबत 2000 ते 2004 मध्ये स्वतः वेश करून अशाच धर्तीचे फोटो परत उभे केले, मागे शरीर मोजायच्या मापाच्या चौकटीसुद्धा. नववीच्या मुलांना हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवा, कॅमेरा कुणाच्या हातात आहे यावरून काय बदलतं ते मुलं बरोबर पकडतात, आपल्यापेक्षा लवकर.

आता सेल्फीचं. चूक मुलांची नाही, प्रश्न खूप मोठा दिला की माणूस सोप्यात सोपं उत्तर देतो. वेंडी इवाल्ड म्हणून अमेरिकन फोटोग्राफर आहेत, 1969 पासून मुलांच्या हातात कॅमेरा देतायत, आपल्या शेजारी गुजरातमध्ये विच्छिया गावातल्या मुलांबरोबरसुद्धा त्यांनी काम केलंय. त्यांच्याकडे मूल आधी लिहितं आणि मग फोटो काढतं, आणि विषय पायरीपायरीने येतात, मी, माझं कुटुंब, माझी वस्ती, माझी स्वप्नं. तुम्हीही आधी एक पान लिहून घ्या पण "मी कोण" असं नको, तुझ्या हाताला रोज काय लागतं, तुझ्याबद्दल लोकांना काय चुकीचं वाटतं, कुठल्या जागी तुला कुणी हाक मारू नये असं वाटतं, असलं काहीतरी विचारा. त्या पानातलं एक वाक्य निवडायचं आणि फक्त त्या वाक्याचा फोटो.

बीडकडच्या एका हंगामी वसतिगृहात, आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं जिथं राहतात तिथं, मी हा तास घेतला होता. एका मुलाने स्वतःच्या घराच्या दाराचा फोटो काढला. दाराला कुलूप, कुलपावर प्लास्टिकची पिशवी सुतळीने बांधलेली, उंबऱ्यापाशी दिवाळीतली रांगोळी वाऱ्याने अर्धी गेलेली. खाली त्याने लिहिलं होतं, "आमचं घर वर्षातून सहा महिने असं असतं." मुलं विचारायला लागली पिशवी कशाला, तर म्हणाला कुलूप गंजलं की परत आल्यावर उघडत नाही आणि मग बाप तोडतो, म्हणून मी बांधली. मी बांधली हे त्याने दोनदा सांगितलं. मला आधी ते दार म्हणजे दुःखाचा फोटो वाटला होता, त्याच्यासाठी तो जबाबदारीचा फोटो होता, घर सांभाळणारा मी आहे असं त्याला सांगायचं होतं.

म्हणून एक विनंती, मुलांकडून रडवणारे फोटो काढून घेऊ नका. त्याच वर्गात एका मुलीने आपल्या दोन गुडघ्यांचा फोटो दिला होता, कबड्डीत खरचटून खपल्या धरलेले, आणि ती त्याच्यावर जाम खूश होती. आणि "तुमच्या घराचा फोटो आणा" असं सगळ्यांना सक्तीने सांगू नका. घर दाखवलं की परिस्थिती दिसते, देव्हारा किंवा भिंतीवरची तसबीर दिसली की जातधर्म कळतो, आणि आपल्याकडे आडनाव ऐकून चाचपणी करणारी माणसं वर्गातसुद्धा असतात. घर दाखवायचं की नाही हे मुलाचं मूल ठरवेल.

फिल्टरवर ओरडण्यापेक्षा तोच धडा करा. बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात ब्युटी मोड आपोआप चालू असतो, मुलांना माहीतसुद्धा नसतं. तो बंद करून एक आणि चालू ठेवून एक असे दोन फोटो, खिडकीपाशी, त्याच उजेडात. मग शेजारी ठेवून बघायचं काय काय गेलं, तीळ गेला, कपाळावरची वण गेली, रंग किती उजळला, आणि हे सगळं कुणी ठरवलं. मी केलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, मॅडम माझी वण तर मी झाडावरून पडलो त्याची आहे, ती कशाला काढली यांनी.

आमच्या आश्रमशाळेत मुलांकडे मोबाइल नाहीत, शाळेचा कॅमेराही नाही. मग हे सगळं शहरातल्यांसाठीच का?
— एक शिक्षक, जव्हार

नाही हो सर. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, मधे काडेपेटीएवढं चौकोनी भोक पाडा, झाली फ्रेम. एक डोळा मिटून त्यातून बघायचं, डोळ्याजवळ धरली की जास्त मावतं, हात लांब केला की कमी, आडवी धरा, उभी धरा, आणि काय आत घ्यायचं काय बाहेर ठेवायचं ते ठरलं की जोडीदाराला ती फ्रेम धरायला देऊन आपण चित्र काढायचं. फोटोतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, बटण दाबणं नंतरचं. तुमच्याकडे तर वारली चित्रं काढणारी घरं आहेत, स्वतःचं जग भिंतीवर कसं मांडायचं हे त्या मुलांनी आम्हालाच शिकवावं.

आणि एक करा, उन्हाच्या दिवशी एक खोली पूर्ण काळोखी करा, खिडक्यांना पुठ्ठे, फटींना गोणपाट, आणि उन्हातल्या पटांगणाकडच्या पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान एक गोल भोक. पाच मिनिटं डोळे सरावू द्या. समोरच्या भिंतीवर बाहेरचं झाड, माणसं, आभाळ उलटं दिसायला लागतं, रंगीत, हलणारं. उजेड सरळ रेषेत जातो म्हणून वरचा खाली येतो आणि खालचा वर, कॅमेरा म्हणजे हीच खोली लहान केलेली. मुलं बाहेर पळत जाऊन आतल्या मित्रांना उलटं उडी मारून दाखवतात, तो गोंधळ होऊ द्या. तुमचा स्वतःचा मोबाइल असेल तर नंतर प्रत्येकाला तीनच फोटो, डिलीट करायचं नाही. तीनच आहेत म्हटलं की पोरं विचार करून काढतात.

याला मार्क कसे द्यायचे? मुख्याध्यापक विचारतात.
— पुणे

सुंदर फोटोला देऊ नका, नाहीतर ज्याच्या बापाचा मोबाइल भारी तो पहिला येईल. मुलाने काय निवडलं, काय बाहेर ठेवलं आणि का ते त्याला सांगता आलं का, दुसऱ्याचा फोटो बघताना बोट ठेवून कारण दिलं का, खालची ओळ एकदा लिहून परत सुधारली का, एवढं बघा. ओळख काय आहे याला मार्क नसतात, ते मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा.

माझ्या मुलीच्या शाळेत असाच प्रोजेक्ट झाला, तिने खूप मनापासून केला, पण मॅडमनी सगळ्यांचे फोटो नावासकट पालकांच्या ग्रुपवर टाकले आणि कुणीतरी तिच्या फोटोवर हसायचे इमोजी टाकले. ती आता शाळेच्या प्रदर्शनातही फोटो लावू देत नाही म्हणते. मी तिला समजावू का, की गप्प बसू?
— एक आई, ठाणे

ताई, समजावू नका, तिचं बरोबर आहे. तिने वर्गासाठी केलेली गोष्ट तिला न विचारता दीडशे मोबाइलवर गेली, आणि तिथून पुढे कुठे गेली ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मॅडमचा हेतू चांगलाच असणार, कौतुकाच्या भरात होतं हे, पण वर्गात दाखवायला दिलेला होकार ग्रुपवर टाकायला चालत नाही आणि ग्रुपचा होकार प्रदर्शनाला चालत नाही, दरवेळी नव्याने विचारायला हवं. आधी मुलाला आणि मग आईवडिलांना, या क्रमाने, कारण उलटं केलं की मूल नाही म्हणूच शकत नाही. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्यांना मूलच धरलंय आणि त्यांची डिजिटल माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे, त्यामुळे शाळेशी बोलताना संकोच करू नका. शिक्षक मंडळींनीही एवढं बघावं की फोटोत गणवेशावरचा बॅज, बसचा नंबर, घराची पाटी येत नाहीये ना आणि मोबाइलमधलं लोकेशन बंद आहे ना.

तिला एक गोष्ट मात्र जरूर सांगा. होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, नवसारीला 1913 मध्ये जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावाने, कारण बाईने काढलेले फोटो कोण घेणार. पुढे त्यांनी स्वतःचं टोपणनाव घेतलं, डालडा 13, गाडीचा नंबर डीएलडी 13 होता त्यावरून आणि 13 हा आकडा आयुष्यात सारखा येतो म्हणून. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं तेव्हा सगळ्या देशाने त्यांचं खरं नाव घेतलं, पण ते टोपणनावही लोक विसरले नाहीत, कारण ते त्यांनी स्वतः निवडलेलं होतं.

म्हणून मुलीला विचारा, प्रदर्शनात नाव हवंय, टोपणनाव हवंय, की फोटो लावायचाच नाहीये. तिघांपैकी जे म्हणेल ते चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहून घ्या आणि मॅडमना द्या. मॅडम ऐकतील असं मला वाटतं, बहुतेक ठिकाणी मुलांना हे कुणी विचारलेलंच नसतं.